नागरिक की ऋणको?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



९ डिसेंबर २०१० रोजी सायंकाळी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात एका ठरावावर मतदान झाले. इंग्लंडमधील विद्यापीठांना पदवी-अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याकडून वर्षाला जास्तीत जास्त ३,२९० पौंड शुल्क घेता येत होते. ती मर्यादा ९,००० पौंडांवर न्यावी, असा तो ठराव होता. ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी तो संमत झाला. ऐंशीहून अधिक मताधिक्य असलेल्या संमिश्र सरकारला त्या दिवशी अवघ्या २१ मतांनी निभावून न्यावे लागले. सभागृहाबाहेरच्या चौकात त्या वेळी हजारो विद्यार्थी पोलिसांच्या वेढ्यात उभे होते. डिसेंबरच्या थंडीत त्यांच्यापैकी कित्येकांना रात्री उशिरापर्यंत वेस्टमिन्स्टरच्या पुलावर कोंडून ठेवण्यात आले. अन्न नाही, पाणी नाही, घरी जाण्यास परवानगी नाही. मतदानाचा आकडा पाहिला, तर त्या दिवशी आंदोलन हरले.

हरलेल्या आंदोलनाचा अभ्यास इतक्या वर्षांनी कशासाठी करायचा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आंदोलनाचा पराभव होणे आणि आंदोलनाचा मुद्दा चुकीचा ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रस्त्यावर उतरलेल्या त्या तरुणांनी सरकारच्या हिशेबावर आक्षेप घेतला होता. तो हिशेब किती खोटा होता, हे पुढील काळात खुद्द ब्रिटिश सरकारच्या सांख्यिकी आणि लेखापरीक्षा कार्यालयांनीच दाखवून दिले. काटकसरीच्या नावाखाली सरकारने शिक्षणावरचा खर्च प्रत्यक्षात फारसा वाचवला नाही; तो खर्च एका वहीतून काढून दुसऱ्या वहीत लिहिला. मात्र ही वही बदलताना विद्यार्थ्याचे समाजाशी असलेले नातेही बदलले. कालपर्यंत तो नागरिक होता, आता तो ऋणको झाला. या व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे हे आजच्या विवेचनाचे प्रयोजन आहे.

हक्क कसा झिजत गेला

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जे कल्याणकारी राज्य उभे राहिले, त्याच्या परिघात उच्च शिक्षण थोडे उशिरा आले. १९६२ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर अशी जबाबदारी टाकली की, पूर्णवेळ पदवी-अभ्यासक्रमात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे शुल्क त्यांनी भरावे आणि पालकांच्या उत्पन्नाचा विचार करून त्याला राहण्या-जेवण्यासाठी निर्वाह अनुदानही द्यावे. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, लॉर्ड रॉबिन्स यांच्या समितीचा अहवाल आला. पात्रता आणि इच्छा असलेल्या प्रत्येकाला उच्च शिक्षणाची जागा उपलब्ध असली पाहिजे, हे तत्त्व त्याने मांडले. रॉबिन्स समाजवादी नव्हते. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञ होते आणि बाजारपेठेवर त्यांचा पुष्कळ विश्वास होता. अशा माणसालाही शिक्षणाचे दार केवळ बाजाराच्या हाती सोपवावेसे वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. तिला पहिली चीर पडली ती परक्याच्या निमित्ताने. १९६७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे, अधिक शुल्क ठरविले. आणि १९८० पासून थॅचरबाईंच्या सरकारने त्यांच्याकडून शिक्षणाचा संपूर्ण खर्च वसूल करण्यास प्रारंभ केला. भारत, पाकिस्तान, आफ्रिकेतून येणारे विद्यार्थी मतदार नव्हते. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये मोठे वादळ उठले नाही. शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू आहे, हा पाठ असा आधी परक्यांवर गिरवला गेला. १९९० मध्ये निर्वाह अनुदान गोठवून त्याला कर्जाची जोड देण्यात आली. त्यानंतर १९९८ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या मजूर सरकारने स्वदेशी विद्यार्थ्यांवर वर्षाला १,००० पौंडांपर्यंत शुल्क बसविले आणि निर्वाह अनुदान बंद करून सगळा भार कर्जावर टाकण्याचा मार्ग पत्करला. २००१ च्या निवडणूक-जाहीरनाम्यात याच पक्षाने वाढीव शुल्क आणणार नाही, असे वचन दिले होते. २००४ मध्ये ३,००० पौंडांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा देणारे विधेयक त्यानेच मांडले आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी ते केवळ पाच मतांच्या आधिक्याने तगले.

समाजवादी कार्यकर्त्याने हा इतिहास संकोच न करता वाचला पाहिजे. शुल्क भरावे न लागता, शिवाय सरकारी अनुदान घेऊन ज्या पिढीने पदव्या मिळवल्या, त्याच पिढीचे लोक मंत्री झाले आणि त्यांनी आपल्यामागून वर येणाऱ्यांची शिडी काढून घेतली. दार किलकिले केले ते मजूर पक्षाने. ते सताड उघडण्याचे काम हुजूर पक्षाकडे राहिले.

तूट कोणाची, कपात कोणावर

२००८ मध्ये जागतिक वित्तसंकट आले. सट्टेबाजीत बुडालेल्या बँका वाचविण्यासाठी ब्रिटिश सरकारने नॉर्दर्न रॉक ही बँक राष्ट्रीयीकृत केली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये सुमारे ४५.५ अब्ज आणि लॉइड्समध्ये सुमारे २० अब्ज पौंडांचे भांडवल ओतले. मंदीमुळे करांचे उत्पन्न घटले, बेकारी वाढली आणि २००९-१० मध्ये अर्थसंकल्पीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्क्यांवर गेली. तूट खरी होती, यात वाद नाही. ती कोणी निर्माण केली आणि कोणी भरायची, एवढाच वाद होता.

मे २०१० मध्ये हुजूर पक्ष आणि उदारमतवादी लोकशाही पक्ष यांचे संमिश्र सरकार आले. २० ऑक्टोबर २०१० रोजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी चार वर्षांत ८१ अब्ज पौंडांची खर्चकपात जाहीर केली. संशोधन वगळता उच्च शिक्षणाची तरतूद ७.१ अब्जांवरून ४.२ अब्जांवर आणायची होती, म्हणजे ४० टक्क्यांची कपात. अध्यापनासाठी विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानात तर सुमारे ८० टक्क्यांची घट व्हायची होती. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र यांच्या अध्यापनासाठी सरकारी पैसा जवळजवळ उरणारच नव्हता. ही पोकळी भरून काढण्यासाठी ९,००० पौंडांचे शुल्क योजण्यात आले. त्याच झटक्यात इंग्लंडमधील 'शिक्षण निर्वाह भत्ता'ही रद्द करण्याचे ठरले. सोळा ते एकोणीस वयाच्या गरीब घरांतील मुलामुलींना शिक्षण सुरू ठेवण्यासाठी आठवड्याला १० ते ३० पौंड मिळत, तो हा भत्ता. बसचे भाडे, दुपारचे जेवण, वह्या-पुस्तके एवढाच त्याचा आवाका होता.

यातला सर्वांत लाजिरवाणा भाग उदारमतवादी पक्षाचा होता. कोणतीही शुल्कवाढ झाल्यास विरोधी मतदान करू, अशा प्रतिज्ञापत्रावर त्या पक्षाच्या उमेदवारांनी निवडणुकीपूर्वी जाहीरपणे सह्या केल्या होत्या. पक्षनेते निक क्लेग यांची त्यावरची सही छायाचित्रांतून घरोघर पोहोचली होती. विद्यापीठांच्या गावांत त्या सहीवर मते मिळाली. निवडून आलेल्या ५७ खासदारांपैकी प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी २८ जणांनी वाढीच्या बाजूने मत दिले, २१ जणांनी विरोध केला आणि आठ जणांनी मतच दिले नाही.

रस्त्यावरची पिढी

१० नोव्हेंबर २०१० रोजी राष्ट्रीय विद्यार्थी संघटना आणि विद्यापीठ-महाविद्यालयीन अध्यापकांची संघटना यांनी मिळून लंडनमध्ये मोर्चा काढला. सुमारे ५०,००० लोक आले. मोर्चातील एक गट मिलबँक येथील हुजूर पक्षाचे कार्यालय असलेल्या इमारतीत घुसला, काचा फुटल्या, काही जण छतावर गेले. तेथून एका तरुणाने आग विझविण्याचे नळकांडे खाली फेकले. ते कोणाच्या डोक्यात पडले नाही, हे दैवच. त्या क्षणी खाली उभा असलेला जमावच, वस्तू फेकणे थांबवा, असे ओरडत होता. पण वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर काचा आल्या, तो आवाज आला नाही.

अहिंसक प्रतिकाराची परंपरा मानणाऱ्यांनी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. छतावरून जड वस्तू फेकणे हा प्रतिकार नव्हे. तो सोबत्यांच्याच जिवाशी खेळ होता. त्याने सरकारला बोलायला विषय मिळाला. परंतु त्या एका कृत्याच्या मापाने सगळे आंदोलन मोजणे हाही अप्रामाणिकपणा होय. २४ नोव्हेंबरला देशभर विद्यार्थी वर्गांतून बाहेर पडले. त्यांत शाळेच्या गणवेशातील मुले-मुली मोठ्या संख्येने होती. व्हाइटहॉलच्या रस्त्यावर पोलिसांनी त्यांना तासन्‌तास कोंडले. त्या गर्दीत एका पोलीस गाडीची मोडतोड सुरू झाली, तेव्हा काही शाळकरी मुलींनीच हात धरून गाडीभोवती कडे केले आणि मोडतोड थांबवली. लोकशिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? ३० नोव्हेंबरला बर्फात मोर्चे निघाले. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी सभागृहे ताब्यात घेऊन तेथे अर्थशास्त्राचे, इतिहासाचे, कायद्याचे खुले वर्ग चालविले.

या आंदोलनाची एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात आली नाही. नवे शुल्क २०१२ पासून प्रवेश घेणाऱ्यांना लागू होणार होते. २०१० मध्ये जे विद्यापीठात शिकत होते, त्यांच्या खिशाला या वाढीची झळ लागणार नव्हती. ते रस्त्यावर आले, ते आपल्यामागून येणाऱ्यांसाठी. त्यांच्या जोडीला लंडनच्या गरीब वस्त्यांतील महाविद्यालयांमधून निर्वाह भत्ता गमावणारी मुले आली. पदवीधर होऊ पाहणारा मध्यमवर्गीय तरुण आणि बसभाड्यासाठी भांडणारा कामगारवस्तीतला मुलगा एका रांगेत आले, हे या आंदोलनाचे खरे बळ होते.

त्याची उणीवही सांगितली पाहिजे. मिलबँकच्या घटनेनंतर राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचे नेतृत्व बिचकले आणि पुढील मोर्चांपासून अंग काढू लागले. संघटित कामगारांचा प्रचंड मोर्चा ट्रेड युनियन काँग्रेसने काढला खरा, त्यात लाखो लोक आले; परंतु तो २६ मार्च २०११ रोजी, मतदान होऊन साडेतीन महिने उलटल्यावर. विद्यार्थी एकटे लढले आणि एकटे हरले. रणात कुमक वेळेवर पोहोचली तरच तिचा उपयोग.

दोन वह्यांचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सरकारचे म्हणणे असे होते की, कोणालाही आगाऊ पैसे भरावे लागणार नाहीत. शुल्काचे पैसे सरकारच विद्यापीठाला देईल. ते विद्यार्थ्याच्या नावे कर्ज म्हणून लिहिले जातील. पदवीधराचे उत्पन्न वर्षाला २१,००० पौंडांच्या वर गेले, तरच वरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातील आणि ३० वर्षांनी उरलेले कर्ज माफ होईल. वरवर पाहता ही योजना उदार वाटते. कमी उत्पन्नाच्या पदवीधराला तिने संरक्षण दिले, हेही खरे आहे.

पण जरा खोलात जाऊ. सरकार पूर्वीही विद्यापीठाला पैसे देत होते आणि नंतरही देणारच होते. पूर्वी ते अनुदान म्हणून देत असे, म्हणून ते खर्चाच्या वहीत पडत असे आणि तुटीत दिसत असे. आता तेच पैसे कर्ज म्हणून दिले की, जमाखर्चाच्या तत्कालीन नियमांप्रमाणे ते तुटीत दिसत नव्हते, कारण कर्ज ही सरकारची येणे-रक्कम, म्हणजे मालमत्ता, समजली जात होती. तूट कमी झाल्याचे दिसले ते अशा रीतीने. वाण्याने उधारीची वही गल्ल्यात ठेवून गल्ला भरलेला आहे असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार.

ही उधारी वसूल किती होणार होती? प्रारंभी सरकारचा अंदाज होता की, दिलेल्या कर्जापैकी सुमारे तीस टक्के बुडीत जाईल. २०१४ पर्यंत सरकारी अंदाजच सुमारे ४५ टक्क्यांवर आला. म्हणजे शंभर पौंड द्यायचे, पंचावन्न परत येतील अशी आशा धरायची, आणि तरी शंभरच्या शंभर मालमत्ता म्हणून मांडायचे. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने हा प्रकार अमान्य केला. परत न येणारा भाग हा आजचाच खर्च होय आणि तो आजच्या तुटीत दिसला पाहिजे, असा निर्णय त्याने दिला. त्या एका निर्णयाने वर्षाच्या तुटीत सुमारे १२ अब्ज पौंडांची भर पडणार असे दिसून आले. २०१० मध्ये विद्यार्थी जे घोषणांतून सांगत होते, ते आठ वर्षांनी सांख्यिकांनी कोष्टकांतून सांगितले.

दरम्यान सरकारने जुन्या कर्जांची विक्रीही आरंभली होती. डिसेंबर २०१७ मध्ये दर्शनी ३.५ अब्ज पौंडांची विद्यार्थी-कर्जे खासगी गुंतवणूकदारांना १.७ अब्जांना विकण्यात आली. पुढच्या वर्षी ३.९ अब्जांची १.९ अब्जांना गेली. सार्वजनिक मालमत्ता अर्ध्याहून कमी किमतीत गेली, पण विक्रीतून आलेली रोकड सरकारी कर्ज घटल्याचे चित्र दाखवायला उपयोगी पडली. २०२० मध्ये हा विक्रीचा कार्यक्रम बंद करावा लागला.

ऋणकोच्या बाजूने पाहू. या कर्जावरचे व्याज महागाईच्या निर्देशांकाला जोडलेले होते आणि त्यावर तीन टक्क्यांपर्यंत भर होता. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचा कमाल दर ६.१ टक्क्यांवर गेला. त्या वेळी बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर पाव टक्का होता. एखाद्या पदवीधर शिक्षिकेचे उत्पन्न २५,००० पौंड आहे आणि तिच्या नावे ४५,००० पौंडांचे कर्ज आहे, असे समजा. २१,००० च्या वरच्या ४,००० पौंडांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला ३६० पौंड ती भरणार. तिच्या उत्पन्नगटाला व्याजाचा दर कमी असे. तो साडेतीन टक्के धरला, तरी वर्षाचे व्याज दीड हजार पौंडांच्या वर जाते. ती भरत राहते आणि कर्ज वाढत राहते. श्रीमंत घरातील मुलाचे शुल्क वडील रोख भरतात. त्याला व्याजही नाही आणि तीस वर्षांची टांगती तलवारही नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून घेतलेल्या एकाच शिक्षणाची किंमत दोघांना वेगवेगळी पडते, आणि ज्याच्यापाशी कमी आहे त्याला ती अधिक पडू शकते.

शिवाय हे असे कर्ज होते की, ज्याच्या अटी धनकोने एकतर्फी बदलाव्यात. २१,००० ची मर्यादा वेतनाबरोबर वाढत जाईल, असे आश्वासन होते. २०१५ मध्ये ती गोठविण्याचा निर्णय झाला आणि तो आधीच कर्ज घेतलेल्यांनाही लागू करण्यात आला. ओरड झाल्यावर २०१७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. २०१६ पासून गरीब विद्यार्थ्यांचे उरलेसुरले निर्वाह अनुदानही कर्जात बदलले, त्यामुळे जो जितका गरीब तो तितका अधिक ऋणको झाला. २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी फेडीची मुदत ४० वर्षांची झाली. बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या मुलीच्या मानेवरचे हे जू बासष्टाव्या वर्षापर्यंत राहू शकते. इंग्लंडमधील विद्यार्थी-कर्जाची एकूण थकबाकी आज २०० अब्ज पौंडांच्या कितीतरी पलीकडे गेली आहे.

गवंड्याने वकिलाचे शिक्षण का करावे?

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत वजनदार आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. पदवीधर पुढे अधिक कमावतो; मग न शिकलेल्या गवंड्याने आपल्या करातून वकिलाचे शिक्षण का करावे? हा आक्षेप इंग्लंडमध्ये पुनःपुन्हा घेतला गेला आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. महाराष्ट्राला तर तो नवाही नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी हाच प्रश्न अधिक धारदारपणे विचारला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी निर्भीडपणे दाखवून दिले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. पण याच निवेदनात, सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे या सूचनेला मात्र फुल्यांनी विरोध केला. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असे त्यांनी बजावले. रोगाचे निदान त्यांनी केले. रुग्णाला मारून टाका, असे ते म्हणाले नाहीत.

उत्तराची दिशा तीच आहे. पदवीधर अधिक कमावत असेल, तर प्राप्तिकर त्याच्यासाठीच आहे. अधिक उत्पन्नावर अधिक दराने कर घ्यावा. तो वकिलाकडूनही घेतला जाईल आणि पदवी न घेता धनाढ्य झालेल्या व्यापाऱ्याकडूनही, कारण त्याच्या कारखान्यातले अभियंते, त्याचे हिशेबनीस आणि त्याला बरे करणारे डॉक्टर याच विद्यापीठांतून आलेले असतात. कर्जाची पद्धत या सर्वांना मोकळे सोडते आणि ज्यांना शिकण्यासाठी उसने घ्यावे लागले, फक्त त्यांनाच पकडते. गवंड्याच्या नावाने सुरू झालेला युक्तिवाद शेवटी गवंड्याच्या मुलीलाच ऋणको करतो.

सत्य मात्र अर्धवट सांगू नये. शुल्क वाढले की गरीब विद्यार्थी विद्यापीठाकडे फिरकणारच नाहीत, असे भाकीत आंदोलनातील अनेकांनी केले होते. अठरा वर्षांच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांपुरते ते खरे ठरले नाही; वंचित भागांतील तरुणांचे प्रमाण पुढेही वाढत गेले. पदवीवाचून बरी नोकरी नाही, असे झाल्यावर माणूस कर्ज काढूनही शिकतो. सावकाराच्या दारात गर्दी वाढली, म्हणून सावकारी लोकोपयोगी ठरत नाही. घाव पडला तो दुसरीकडे. नोकरी करता करता शिकणारे, संसार सांभाळून पदवी घेऊ पाहणारे प्रौढ स्त्री-पुरुष दूर गेले. २०१० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत अर्धवेळ पदवी-प्रवेश सुमारे निम्म्यावर आले. २०१७ मध्ये परिचारिकांच्या शिक्षणाचे अनुदान बंद करून त्यांनाही कर्जावर ढकलताच त्या वर्षी इंग्लंडमधील अर्ज सुमारे २३ टक्क्यांनी घटले. पुढे सरकारला वर्षाला किमान ५,००० पौंडांचे साहाय्य पुन्हा सुरू करावे लागले.

स्कॉटलंडने त्याच राज्यछत्राखाली राहून आपल्या विद्यार्थ्यांना शुल्कमुक्त ठेवले. शुल्काविना विद्यापीठे चालूच शकत नाहीत, या म्हणण्याला ते जिवंत उत्तर आहे. मात्र तेथे जागांच्या संख्येवर सरकारी मर्यादा आहे आणि विद्यापीठांच्या हाती येणारा पैसाही ताणलेला आहे. केवळ 'नि:शुल्क' हा शब्द पुरेसा नाही; त्यामागे पुरेशी तरतूदही असावी लागते.

पराभवानंतर

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये निक क्लेग यांनी प्रतिज्ञा मोडल्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. २०१५ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ५७ जागांवरून आठ जागांवर घसरला. मजूर पक्षाने २०१७ च्या जाहीरनाम्यात शुल्क रद्द करण्याचे वचन दिले आणि तरुणांची मते मोठ्या प्रमाणात मिळविली. २०२३ मध्ये नव्या नेतृत्वाने ते वचन सोडले. २०२४ मध्ये सत्तेवर आल्यानंतर त्याच पक्षाच्या सरकारने शुल्क ९,२५० वरून ९,५३५ पौंडांवर नेले. वर्तुळ पूर्ण झाले. वचने जाहीरनाम्यात असतात. ती पाळून घेणारी शक्ती संघटनेत असावी लागते.

आणि आज इंग्लंडची विद्यापीठे सुखात आहेत काय? तसे नाही. शुल्क अनेक वर्षे गोठल्यामुळे महागाईने त्याचे मोल खाल्ले. सरकारी अनुदान तर आधीच गेले होते. मग तोट्याची भर घालण्यासाठी पुन्हा परदेशी विद्यार्थी शोधले गेले, कारण त्यांच्या शुल्काला मर्यादा नाही. २०२२-२३ मध्ये ब्रिटनमधील परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता. पुण्या-नागपूरकडचा एखादा बाप घर किंवा शेत तारण ठेवून मुलाला तिकडे पाठवतो, तेव्हा ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये केलेल्या कपातीचा एक हप्ता तोही भरत असतो. याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये डॉ. आंबेडकरांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते, याची येथे आठवण होते. पैसा आटला की प्रज्ञेलाही दार बंद होते. ते पुन्हा तेथे गेले, १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्‌सी. मिळवली, पण असा निश्चय आणि असे साहाय्य लाखात एखाद्याला लाभते, त्यावर देशाची शिक्षणनीती उभी करता येत नाही.

आपल्याकडचे चित्र फारसे निराळे नाही. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले आणि त्यातून शिक्षणसम्राटांची एक जात निपजली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन केली. केंद्रीय शिक्षणसंस्थांना इमारती आणि उपकरणांसाठी पूर्वी अनुदान मिळे, त्याच्या जागी तिच्याकडून कर्ज मिळू लागले. इंग्लंडमध्ये विद्यार्थी ऋणको झाला. येथे संस्था ऋणको झाली, आणि तिचा हप्ता कोणाच्या शुल्कातून निघणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. २०१९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहातील एकेरी खोलीचे भाडे महिना २० रुपयांवरून ६०० रुपये करण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थी संसदेकडे निघाले. त्यांना करदात्यांच्या पैशावर जगणारे म्हणून हिणवणारी भाषा मिलबँकनंतरच्या लंडनच्या वृत्तपत्रांतलीच होती.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या पराभवातून काय घ्यावे? खर्चकपातीचा प्रस्ताव समोर आला की, घोषणा देण्याआधी ताळेबंद मागावा: हा खर्च खरोखर थांबणार आहे, की दुसऱ्या वहीत आणि दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार आहे? महाविद्यालयातील शुल्काचा लढा, वसतिगृहाच्या खाणावळीचा लढा, थकलेल्या शिष्यवृत्तीचा लढा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या मुलांच्या विद्यावेतनाचा लढा हे वेगवेगळे लढू नयेत. कामगार संघटनांना मतदानानंतर मोर्चा काढण्यास न सांगता मतदानापूर्वी सोबत आणावे. आणि आपल्या विचाराचे म्हणवणारे सरकार सत्तेवर असेल, तर त्याच्या पहिल्या हजार रुपयांच्या शुल्काला पहिल्याच दिवशी विरोध करावा. १९९८ चे एक हजार पौंड गिळले गेले, म्हणूनच २०१० मध्ये नऊ हजार मागता आले.

२०१२ मध्ये प्रवेश घेऊन २०१५ मध्ये पदवी घेतलेल्या इंग्लिश मुलामुलींपैकी ज्यांची फेड पूर्ण होणार नाही, त्यांच्या पगारातून ही कपात २०४६ पर्यंत चालू राहील. त्यांच्यासाठी, त्यांची ओळख-पाळख नसताना, त्यांच्याहून थोडी मोठी मुले डिसेंबरच्या रात्री त्या पुलावर कुडकुडत उभी होती. त्यांची मागणी मान्य झाली नाही. पण त्यांचा हिशेब बरोबर होता. बरोबर हिशेब आणि वेळेवर आलेली कुमक यांची गाठ घालून देणे, हे संघटनेचे काम आहे.